लिंबूटिंबू

आमच्या बाहेरच्या खोलीतली ट्यूबलाईट गेल्या दिवाळीपासून तीनदा फुटली. पहिल्यांदा फुटली त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. रात्री साडेबाराला गाडी लावून वर आलो तर खोलीत अंधार आणि दारातच आई खुर्ची टाकून बसलेली. ‘चप्पल काढू नकोस, काचा हाईत,’ म्हणाली. छत्तीस वर्षांत तिनं मला चपलेसकट घरात घेतल्याची ही पहिलीच वेळ.

गुन्हेगार आत गाढ झोपली होती. वय वर्षं आठ, उंची जेमतेम चार फूट, आणि उशाशी तिच्याहून लांब काठी.

मंगळवार पेठेत आमची मावशी राहते. तिच्या गल्लीत संध्याकाळी पोरापोरींना मर्दानी खेळ शिकवतात. लाठी, बोथाटी, फरी-गदगा, दंडपट्टा. एका रविवारी मावशीकडं गेलेली आमची लेक तिथं कठड्यावर बसून तास-दीड तास नुसती बघत राहिली. थोराड पोरीनं पट्टा फिरवला, समोरच्याच्या तळहातावरच्या लिंबाचे दोन तुकडे झाले आणि हाताला ओरखडासुद्धा नाही. याला लिंबू काढणी म्हणतात. घरी आल्यावर लेकीनं फ्रीजमधलं लिंबू आजीच्या हातावर ठेवलं आणि फूटपट्टी घेतली. तेव्हाच मला कळलं की ही लागण आता काही उतरत नाही.

मग दर रविवारी मावशीकडं वस्तादांचा धडा आणि बाकीचे सहा दिवस आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सराव. दुसरी ट्यूब फुटल्यावर मी बल्ब लावायला सांगत होतो. बायको म्हणाली, ट्यूबच राहू द्या, तिला वर बघून फिरवायची सवय लागेल. लागली नाही. तिसरी फुटल्यावर बल्ब लावला.

फेब्रुवारीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिच्या वर्गाची प्रात्यक्षिकं होती. भगवा फेटा, कमरेला शेला, सगळं साग्रसंगीत. मी त्या दिवशी शिफ्ट बदलून घेतली. मिरवणुकीत हलगी कडाडली, मोठ्या पोरी पुढं सरसावल्या, आणि आमची ही सगळ्यात मागच्या ओळीत काठी उभी धरून उभी. शेवटपर्यंत उभीच. घरी येताना गाडीवर माझ्या पाठीला नाक पुसत रडत होती. ताईलोकांनी तिला सांगितलं होतं, तू लिंबूटिंबू, तू नुसती मागं थांब.

‘मी लिंबूटिंबू न्हाई. मला पण धरायचं.’

लिंबूटिंबू म्हणजे काय ते वाचणाऱ्याला मी सांगायला नको. प्रत्येक गल्लीत एक तरी असतोच. आईनं हाताला धरून आणून सोडलेला, ‘ह्याला पण घ्या रे’ असं सांगून. त्याच्यावर राज्य येत नाही. तो पळतो, लपतो, ओरडतो, आपल्याला वाटतं खेळतोय. पण त्याला धप्पा बसला तरी तो मोजायचा नाही. लहानपणी हा मोठेपणाचा नियम वाटायचा. लेकीचं रडणं पाठीवर ओलं लागत होतं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ज्याला मोजत नाहीत त्याला विचारलंय कुणी?

तिची समजूत घालायला म्हणून मी माझी गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या पोराला पोहता येत नाही हे सांगायची गोष्ट नव्हे. आमच्या वेळी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरं पंचगंगेच्या घाटावर पाण्यात ढकलली जायची, आठ-पंधरा दिवसांत डबा सुटायचा. कुणी कोटितीर्थात शिकलं, कुणी मळ्यातल्या विहिरीत. मी शिकलो नाही. घाटावर रोज जायचो, पण मी कपडे राखायचो. मित्र पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचे आणि मी पायरीवर त्यांच्या शर्टांच्या ढिगाशेजारी. कुणी विचारलं तर मला सर्दी होते असं सांगायचो. अकराव्या वर्षी धरलेली ती सर्दी पुढं पंचवीस वर्षं टिकली.

‘म्हणजे बाबा, तुला अजून येत न्हाई?’

‘नाही.’

तिचं रडणं थांबलं. मान वाकडी करून आरशातनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात एवढी करुणा होती की मला सिग्नल लागलेला कळला नाही.

‘मग शिक की.’

आता खरं सांगायचं तर पोहायला न येण्याची लाज मला घाटावर कधी वाटली नव्हती. ती वाटली ऑगस्ट २०१९ मध्ये. तेव्हा आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला भाड्यानं राहत होतो. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना वेळ विचारत नाहीत, ‘किती फूट झालं?’ असं विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्या वर्षी ते आकडे मागं पडले आणि पाणी वरच चढत राहिलं. गल्लीत गणपतीच्या मूर्ती करणारी घरं होती, सणाला महिनाही उरला नव्हता. शाडूच्या, प्लास्टरच्या मूर्ती माळ्यावर चढवता चढवता माणसं थकली. आम्ही मालकांच्या वरच्या मजल्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी बोट आली. लेक दोन वर्षांची होती, माझ्या खांद्याला चिकटलेली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाणी होतं, आणि तिथनं बोटीत पाय टाकायचा होता.

बायकोनं हात पुढं केले. ‘तिला माझ्याकडं द्या. मला पोहता येतं.’

मी दिली. बायको सावंतवाडीकडची, माहेरी परसात विहीर. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हिशोब होता, आणि तो बरोबर होता. म्हणूनच तो इतकी वर्षं राहिला. पूर ओसरल्यावर आम्ही तिथून उठून इकडं आर. के. नगरच्या चढावर आलो. नदी लांब राहिली. पण माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत. रोज जाता-येता पंचगंगेचा पूल ओलांडावा लागतो, आणि रोज त्या पुलावर मला चौथी पायरी आठवते.

मार्चमध्ये मी टँकवर नाव घातलं. शिकाऊंच्या बॅचमध्ये चौदा जण होते. तेरा जणांची वयं सहा ते दहा. शिकवणारा पोरगा बाविशीतला असेल, इतरांना नावानं हाक मारायचा आणि मला काका. पहिल्या दिवशी कठड्याला धरून पाय मारायचे होते. शेजारचा एक पहिलीतला म्हणाला, ‘काका, तुम्ही लय पाणी उडवताय.’ दुसरा आठवडा संपेपर्यंत ती सगळी पोरं फळी सोडून मधल्या पाण्यात गेली आणि मी तीन फुटात, बगळ्यासारखा.

चौथ्या दिवसापासून सरांचा एकच घोष सुरू होता. ‘काका, श्वास कोंडून ठेवालाय तुम्ही. पाण्यात सोडा, वर येऊन घ्या.’ मला ते कानानं कळायचं, अंगाला कळायचं नाही. तोंड पाण्याखाली गेलं की छाती आपोआप कुलूप घालायची.

ते कळलं कारखान्यात. मी फौंड्रीत क्वालिटीला आहे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना चप्पल, रस्सा आणि पैलवान आठवतात, पण या गावाचं निम्मं पोट ओतकामावर आहे. शेतीला पाणी उपसायला ऑईल इंजिनं लागायची, ती उद्यमनगरात बनू लागली, इंजिनाला कास्टिंग लागलं, आणि बघता बघता भट्ट्या शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत पसरल्या. आमच्याकडं लोखंड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास साच्यात ओततात. साचा वाळूचा. वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि बेताचं पाणी. पाणी जरा जास्त झालं की त्याची वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकून बसते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, मशीनवर चढवलं की आत पोकळ भोक. ब्लो होल. माझं काम असं की खडूनं त्यावर फुली मारायची. फुली मारलेलं कास्टिंग परत भट्टीत जातं.

त्या दिवशी एका नव्या ट्रेनी पोराला मी हेच समजावून सांगत होतो, ‘आतल्या वाफेला वाट दे, नाहीतर माल गेला,’ आणि सांगता सांगता गप्प झालो. पोराला वाटलं मी चिडलो. दुसऱ्या दिवशी टँकवर तोंड पाण्यात घातलं आणि नाकातनं बुडबुडे सोडले. बगळा त्या दिवशी पहिल्यांदा तळाला पाय न टेकता काही हात पुढं गेला. किती ते विचारू नका. सरांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळं पहिलीतल्या पोरानंही वाजवल्या.

त्या रात्री जेवताना मी घरात एक नियम जाहीर केला. फार चांगला नियम सुचल्याच्या तोऱ्यात. म्हटलं, आपल्या घरात सगळेच काही ना काही नवीन शिकतायत. लेकीची काठी, माझं पोहणं, बायकोचं एम. ए. तर आपण प्रत्येकानं आपापल्या विषयात लिंबूटिंबू. चुकलं तर हसायचं, पण मोजायचं नाही. कारखान्यात माझी एक चूक निसटली तर गिऱ्हाइकाकडनं अख्खी गाडी परत येते. निदान घरात एक जागा अशी असावी जिथं माणूस आउट होत नाही.

लेकीनं लगेच हात वर केला, तिच्या नावावर तीन ट्यूबा जमा होत्या. आईनं भाकरी मोडता मोडता बायकोकडं बघितलं. बायको शांतपणे म्हणाली, ‘तुमचा खेळ तुम्हाला लखलाभ. मला त्यात धरू नका.’

मला वाटलं चेष्टा आहे.

‘लिंबूटिंबू व्हायची हौस कुणाला, जन्मभर ज्याला खरं धरलंय त्याला,’ ती म्हणाली. ‘मला पहिल्यापासून लिंबूटिंबूच धरलंय सगळ्यांनी. आता मला आउट व्हायचंय. नापास झाले तर खरी नापास.’

बायको एका पतसंस्थेत कारकून आहे. पिग्मीचे हिशोब तिच्याकडं. फळवाल्यापासून टायर पंक्चरवाल्यापर्यंत रोज पन्नास-शंभर टाकणाऱ्यांची खाती, एक रुपया इकडचा तिकडं झाला तर संध्याकाळी घरी यायला आठ वाजतात. पण लग्नाकार्यात तिची ओळख करून देताना मी काय म्हणतो ते तिनं त्या रात्री मला म्हणून दाखवलं. ‘ही पण करते एका पतसंस्थेत.’ त्यातल्या ‘पण’वर तिनं जरा जोर दिला. दोन वर्षांपूर्वी तिनं शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून इतिहासात एम. ए. करायचं ठरवलं तेव्हा माझ्या थोरल्या काकांनी विचारलं होतं, पगार वाढणार का? नाही म्हटल्यावर, ‘असू दे, हौस आहे तर करू दे.’ मीही मान हलवली होती. करू दे म्हणजे काय, तर खेळू दे. धरायचं नाही.

मला उत्तर सुचलं नाही. मी भांडी घासली. नियम मागे घेतो असं म्हणालो नाही, पण नंतर त्याचा उल्लेखही केला नाही. घरातले बरेच कायदे असेच रद्द होतात.

तिच्या अभ्यासाची वेळ म्हणजे रात्री साडेनऊ ते साडेअकरा, आणि पहाटे पाणी यायच्या आधीचा तास. एवढ्यानं भागत नाही म्हणून तिनं युक्ती काढली. नोट्स मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायच्या आणि मोपेडवर जाता-येता एका कानात ऐकायच्या. हे बरोबर नाही, मोपेडवर कानात काही घालू नये, मी सांगून बघितलं. मग ती स्वयंपाक करताना ऐकायला लागली. फोन फ्रीजवर ठेवून, मोठ्या आवाजात. असं आठवडाभर चाललं, आणि एका संध्याकाळी फोन वाजला म्हणून तिनं रेकॉर्डिंग बंद केलं, बोलून झाल्यावर लावायला विसरली, तर आई पाटावरनं म्हणाली, ‘पुढचं लाव की. ताराराणी पन्हाळ्यावरच ऱ्हाईली.’

आई चौथी शिकलेली. राधानगरी तालुक्यातलं माहेर, सहा भावंडं, हिचा नंबर दुसरा. चौथीनंतर भाऊ शाळेत आणि ही म्हशीमागं. माझ्या नियमाच्या रात्री ती काहीच बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मला एकट्याला म्हणाली, ‘सूनबाई म्हणती ते खरं हाय. तिला निदान लिंबूटिंबू म्हणून तरी घेतलं. आमाला खेळातच घेतलं न्हाई.’ आणि मिरच्या निवडायला बसली.

त्यानंतर रेकॉर्डिंग आईसाठीच लागू लागलं. भाकरी थापण्याच्या तालावर छत्रपतींच्या सातारा-कोल्हापूरच्या दोन गाद्या, वारणेचा तह, इंग्रजांचे रेसिडेंट. ती ऐकते आणि मधेच भाष्य करते. वारणेच्या तहाला म्हणाली, वाटण्या करून घेतल्या ते बरं केलं, नाहीतर कोर्टात गेले असते. एके दिवशी शाहू महाराजांच्या शिक्षणाच्या कायद्याचा भाग आला. १९१७ साली संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड. आईचा हात पिठावर थांबला.

‘परत लाव.’

बायकोनं परत लावलं.

‘एक रुपया?’ आई म्हणाली. ‘आमच्या आबांना एक रुपया म्हंजे लय व्हता. घाबरून पाठवलं असतं त्यांनी. सातवी तरी झालो असतो मी.’

झालो. कोल्हापुरात बायकासुद्धा मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा बायको दचकायची. पहिल्याच आठवड्यात आई बाहेरून ‘मी आलो गं’ म्हणाली आणि ही डोक्यावर पदर घेऊन कोण पाहुणे आले म्हणून दार उघडायला धावली. आता आमची लेकही ‘मी जिंकलो’ म्हणते. बायको दुरुस्त करत नाही. राहू दे म्हणते, या गावानं बायकांना एवढं तरी बरोबरीचं दिलंय.

दुसरी एक गोष्ट झाली. करवीर नगर वाचन मंदिरात बायकोचं खातं आहे. १८५० साली निघालेलं वाचनालय, त्याच्या जिन्यावर पाय ठेवताना ती नेहमी हा आकडा मला ऐकवते. पुस्तक बदलायला तिला वेळ होत नाही म्हणून शुक्रवारी अंबाबाईला गेलेली आई येताना बदलून आणते. बायको चिठ्ठीवर नाव लिहून देते. मे महिन्यात आईनं चिठ्ठीवरचं पुस्तक आणलं आणि पिशवीतनं आणखी एक काढलं. चिठ्ठीवर नसलेलं. मोठ्या टायपातलं, ताराराणींवरचं. ‘कपाटात दिसलं,’ म्हणाली, चोरी पकडल्यासारखी. दुपारी ती एक एक ओळ बोटानं धरून वाचते. पान उलटायला पंधरा मिनिटं लागतात. मी बघतोय हे कळलं की पुस्तकावर ओढणीसारखा पदर टाकते.

माझी सुट्टी सोमवारी असते. कोल्हापुरातली निम्मी दुकानंही सोमवारी बंद, टँकलाही सोमवारीच सुट्टी. त्यामुळं आठवड्याच्या हक्काच्या दिवशी मला घराखेरीज कुठंही प्रवेश नाही. पूर्वी मी झोपायचो. परीक्षा जवळ आल्यावर सोमवारचा स्वयंपाक माझ्याकडं आला. आमटी-भात जमतो. भाकरीशी मात्र माझं चार सोमवार युद्ध चाललं होतं. थापली की कडा फाटायच्या, उचलली की तुकडे. मी हाताला दोष देत होतो. आईनं पीठ चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, ‘तुझा हात न्हाई, पिठाची विरी गेलीया. महिन्याभराचं दळण हाय.’ उन्हाळ्यात शिळ्या पिठाचा चिकटपणा जातो, मग गरम पाण्यानं उकड काढून मळायचं. क्वालिटीत पंधरा वर्षं काढूनही कच्चा माल आधी तपासायचं मला सुचलं नव्हतं. हे मी कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

उन्हाळ्याचे ते दोन महिने एकात एक मिसळून गेले. एप्रिलमध्ये वर्षाची चटणी करायची असते. कोल्हापुरात तिखटाला चटणी म्हणतात आणि ती विकत आणली तर घराण्याची अब्रू जाते. रंगाला ब्याडगी, झणझणीतपणाला लवंगी, वर कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, भाजलेला गरम मसाला. डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, नंबर लावून तीन तास उभं राहायचं. यंदा बायको डंकावरच्या रांगेत नोट्स घेऊन बसली. घरी आली तेव्हा वही लाल झाली होती आणि तिला शिंका आवरत नव्हत्या. परीक्षेला तीच वही घेऊन गेली, म्हणाली, झोप आली की वास घेईन.

एका रविवारी तिचं विद्यापीठात संपर्क सत्र होतं. मी थर्ड शिफ्ट करून तसाच लेकीला घेऊन तिला सोडायला गेलो आणि बाहेर झाडाखाली आडवा झालो. लेक जवळच काठी फिरवत होती. वर आकाशच होतं, फुटायला काही नव्हतं. जाग आली तेव्हा तिच्याभोवती तीन-चार मुली उभ्या होत्या, सत्राला आलेल्या, बायकोच्याच वयाच्या. एकीनं काठी मागून घेतली आणि पदर खोचला. लेक तिला सांगत होती, ‘मनगट ढिलं सोड मावशी. तू आवळून धरलीयास.’ मला सरांचा आवाज आठवला. आमच्या घरात या वर्षी प्रत्येकाला कुणीतरी हेच सांगत होतं.

जूनमध्ये मी टँकची रुंदी पार केली. रुंदी, लांबी नव्हे. लांबीत निम्म्यावर जाऊन मला अजून कठडा आठवतो. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, छान. मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘पण पुरात यातलं काही उपयोगाचं नाही हां. पुराचं पाणी पोहायचं नसतं, त्यात झाडं असतात, तारा असतात, विहिरी असतात. मला येत होतं तरी मी तेव्हा घाबरले होते.’ हे ती मला सहा वर्षांनी सांगत होती. मी विचारलं, मग तसं का म्हणालीस, मला पोहता येतं म्हणून? ती म्हणाली, ‘तुमचे हात थरथरत होते. कुणीतरी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.’

जुलैत पाऊस लागला. राधानगरी भरत आलं, आणि धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांची चर्चा गल्लीत सुरू झाली. लेकीला हे सगळं पाठ आहे. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, दोन उघडले तर किती हे ती बोटं न मोडता सांगते. शाळेच्या गणितात तिला हातचा विसरायची सवय आहे, इथं विसरत नाही. मी पुलावरून जाताना नदीकडं बघतो. गढूळ, रुंद, ऊस अर्धा बुडालेला. चौथी पायरी आठवते अजून. पण आता तिच्याबरोबर थरथरणारे हातही आठवतात, आणि ते कुणीतरी बघितले होते हेही.

त्याच आठवड्यात बायकोचा निकाल लागला. तीन पेपर सुटले, त्यातल्या एकाला तर तिनं स्वतःही धरले नव्हते एवढे मार्क. इतिहासलेखनशास्त्राचा पेपर राहिला. चार मार्कांनी. तिनं फोन ताटाशेजारी पालथा ठेवला आणि जेवायला सुरुवात केली. मी काहीतरी बोलणार होतो, पण चार मार्क म्हणजे काहीच नाही असं म्हणणं म्हणजे पुन्हा न मोजणंच झालं असतं. म्हणून म्हटलं, ‘आउट.’ तिनं वर बघितलं. एक क्षण मला वाटलं चुकलं. मग ती म्हणाली, ‘आउट,’ आणि आमटी वाढून घेतली. लेकीला काही कळलं नाही, तिनं विचारलं कुणावर राज्य आलं.

आई पाटावर बसून तव्यावरची भाकरी उलटत होती. बराच वेळ काही बोलली नाही. शेवटची भाकरी टोपलीत टाकून तिनं हात झटकले.

‘त्या पेपराचं परत वाचून ठेव फोनात,’ ती म्हणाली. ‘त्या टायमाला कुकरच्या शिट्ट्या व्हाय लागल्या हुत्या. मला नीट ऐकू आलं न्हवतं.’